निवेदनावर सही करतो, पण तो दुसरा परिच्छेद आधी काढा

आमच्या सेक्टरमधल्या सोसायटी फेडरेशनचे पदाधिकारी आणि ग्रुपवरचे सगळे सभासद,

नमस्कार. हे ग्रुपवरच टाकणार होतो, पण तिथे तीन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही आणि मधेच कुणीतरी सुप्रभातचं कमळ टाकतं, म्हणून उघड पत्रच लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

गुरुवारी रात्री ग्रुपवर जो ड्राफ्ट आला तो मी दोनदा वाचला. सिडको (हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ), महापालिका आणि गृहखातं, तिघांना द्यायचं निवेदन, विषय आपल्या नेरूळ परिसरात डिटेन्शन सेंटर, म्हणजे बेकायदा आलेल्या परदेशींना परत पाठवेपर्यंत डांबून ठेवायची जागा, उभारायला आणि ते वाढवायला विरोध. पहिला परिच्छेद ठीक आहे, नागरिकांना विश्वासात घेतलं नाही वगैरे, ते आपण गटार असो वा फ्लायओव्हर, सगळ्यातच लिहितो आणि ते खरंही असतं. पण दुसरा परिच्छेद! "अशा लोकांमुळे" परिसर असुरक्षित होईल, आयाबहिणींना फिरणं अवघड होईल आणि मग हळूच, सगळ्यात शेवटी, फ्लॅटचे रेट पडतील. आणि तिसऱ्यात मागणी काय तर केंद्र शहराबाहेर, उरण किंवा तळोज्याकडे हलवा.

उरणकडे म्हणजे कुणाकडे हो? माझी मावशी राहते तिकडे. तिच्या आयाबहिणी नाहीत का?

मी या सेंटरच्या विरोधातच आहे, तुमच्याहून जास्तच असेन. म्हणूनच हे पत्र. चुकीच्या कारणासाठी केलेला विरोध सरकारला दोन मिनिटांत गुंडाळता येतो, ते म्हणतील बरं, चार किलोमीटर पुढे नेतो, आणि आपण हार घालून परत येऊ.

आधी थोडं मागचं, कारण ग्रुपवर काही जणांना वाटतंय की हे अचानक आलं. अचानक नाहीये. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बातमी आली होती की राज्याच्या गृहखात्याने डिटेन्शन सेंटरसाठी सिडकोकडे नेरूळमध्ये जागा मागितली. तेव्हा निवडणुकीचे दिवस होते, पेपरात आलं, दोन दिवस नाक्यावर चर्चा झाली, मग सरकार बदललं आणि नवे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी डिसेंबरात सांगितलं की महाराष्ट्रात असले कॅम्प होऊ देणार नाही. त्यावर आपण सगळे झोपलो. पाच वर्षांनी, २०२४ च्या डिसेंबरात, देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं की बेकायदा आलेल्या परदेशींना जेलमध्ये ठेवता येत नाही म्हणून चांगलं डिटेन्शन सेंटर बांधणार. म्हणजे विषय कधी मेलाच नव्हता, फक्त फाईल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेली होती.

आणि आपल्याच भागावर डोळा का, याचंही उत्तर आहे. केंद्राच्या गृहमंत्रालयाने २०१९ च्या जानेवारीत सगळ्या राज्यांना एक मॉडेल मॅन्युअल पाठवलं. त्यात म्हटलंय की ज्या शहरात किंवा जिल्ह्यात इमिग्रेशनचं मोठं चेकपोस्ट आहे तिथे निदान एक सेंटर हवं. मोठं चेकपोस्ट म्हणजे मुख्यतः आंतरराष्ट्रीय विमानतळ. आता सांगा, ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याकडे कशाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून कुठून विमानं उडायला लागली? विमानतळामुळे रेट वाढले तेव्हा ग्रुपवर पेढे वाटायची भाषा होती, त्याच विमानतळाच्या मागून हेही येणार होतं. त्यामुळे आज एक जागा रद्द करून घेतली तरी उद्या दुसरी निघेल, पनवेल, उलवे, कुठेही. जागा कुठली हा प्रश्नच नाही, आत काय होणार हा आहे. आणि त्याबद्दल ड्राफ्टमध्ये एक अक्षर नाही.

तर आत काय होतं ते बोलू.

डिटेन्शन सेंटर म्हणजे जेल नाही, असं सरकार म्हणतं. मॅन्युअलमध्ये वीज, पाणी, बायकांची वेगळी सोय, लहान मुलांसाठी पाळणाघर असं सगळं लिहिलंय, आणि दहा फुटांची कंपाउंड वॉलही लिहिलीये. पण जेलमध्ये आणि यात एक मोठा फरक आहे जो कुणी सांगत नाही. जेलमध्ये माणसाला तारीख असते. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, सुटीसुद्धा मिळते. इथे तारीखच नाही. समोरचा देश म्हणेपर्यंत की हो हा आमचा, तोवर बसा. आणि तो देश म्हणाला की आमचा नाहीच, तर?

आसामात हेच झालं. गोलपाऱ्याजवळ मटिया नावाचं गाव आहे, तिथे देशातलं सगळ्यात मोठं सेंटर बांधलं, तीन हजार माणसांची सोय, पंधरा चारमजली इमारती, साधारण ४६ कोटींचा खर्च. २०२३ च्या जानेवारीपासून तिथे माणसं न्यायला सुरुवात झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने आसाम सरकारला झापलं की ६३ जणांना परदेशी ठरवून तुम्ही आत टाकलंय, मग परत का पाठवत नाही, मुहूर्ताची वाट बघताय का? सरकारचं उत्तर काय, तर त्यांचे तिकडचे पत्ते माहीत नाहीत. म्हणजे तो परदेशी आहे हे पक्कं माहीत आहे, पण कुठला ते माहीत नाही. आपल्या सोसायटीत कुणी असं उत्तर एजीएमला दिलं असतं तर त्याला आपण खुर्चीवर बसू दिलं असतं का?

त्याआधी २०१९ च्या मे महिन्यात कोर्टाला सांगावं लागलं होतं की जे तीन वर्षांच्या वर आत आहेत त्यांना अटींवर सोडा, त्यातली एक अट म्हणजे एकेक लाखाचे दोन जामीन. नाक्यावर रोजंदारी करणाऱ्या माणसाने एक लाखाचे दोन जामीनदार कुठून आणायचे? मग करोना आल्यावर, २०२० च्या एप्रिलमध्ये, मुदत दोन वर्षं केली आणि जामीन पाच हजारांवर आणला. त्याच २०१९ च्या मे मध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला, तीस वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाला, परदेशी ठरवून गोलपाऱ्याच्या सेंटरमध्ये टाकलं होतं, हायकोर्टाने जामीन दिला तेव्हा जूनमध्ये बाहेर आला. तो फौजी होता म्हणून देशभर बातमी झाली. गवंडी असता तर?

गवंड्याचंही सांगतो, आणि तो आसामचा नाही, आपल्याच ठाणे जिल्ह्यातला आहे. २०२५ च्या जूनमध्ये मीरा रोडवरून मूळच्या पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला पोलिसांनी उचललं. घरच्यांनी कागद पाठवले, बंगालच्या सरकारी मंडळाने कळवलं की हा आमचा आहे, तोवर त्याला सीमेवर नेऊन बांगलादेशात ढकललेलंसुद्धा होतं. काही दिवसांनी परत आणावं लागलं. भारतीय माणूस, भारतातून भारताबाहेर आणि परत भारतात. हे कुणाच्या आयटी सेलचं फॉरवर्ड नाहीये, सगळ्या पेपरांत आलेलं आहे.

आणि आता घरातलं. आपल्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी ज्याने निम्म्या फ्लॅटच्या बाथरूमच्या टाइल्स बसवल्या तो पोरगा आठवतोय ना, जो लिफ्ट न वापरता टाइल्सचे बॉक्स खांद्यावर घेऊन चढायचा, कारण आपणच लिफ्टमध्ये मटेरियल न्यायचं नाही अशी पाटी लावलेली. तोही त्याच बाजूचा, मुर्शिदाबाद. मधे तो पाच दिवस आला नाही. माझं बाथरूम अर्धं उखडलेलं, मी फोनवर फोन, फोन बंद, मी मनात शिव्या घातल्या की दुसऱ्याचं काम पकडलं असणार. सहाव्या दिवशी आला, तोंड उतरलेलं. एका पोलीस स्टेशनात बसवून ठेवलं होतं, आधार दाखवलं तर म्हणाले असली आधार वीस मिळतात, गावच्या शाळेचा दाखला व्हॉट्सअॅपवर येईपर्यंत सोडलं नाही. त्याच्यासोबत उचललेल्या एकाच्या घरी शाळेचा दाखलाच नव्हता, शाळेतच गेला नव्हता तो. त्याचं पुढे काय झालं ते ह्या पोराला माहीत नाही. मला तेव्हा काय बोलावं कळेना, मी विचारलं ग्राउटिंग आज होईल का. अजून त्याची लाज वाटते.

त्या पोराचं बोलणं ऐकून तुम्हीही त्याला बांगलादेशी म्हणाला असतात. बंगाली आणि बांगलादेशी यातला फरक आपल्यातल्या किती जणांना कानाने कळतो? मला नाही कळत.

कायदा काय म्हणतो ते पण बघा, कारण ग्रुपवर दोन वकील आहेत आणि दोघेही गप्प आहेत. १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट होता, तो आणि आणखी तीन जुने कायदे मिळून आता नवा कायदा आलाय, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू. जुन्यातली एक गोष्ट नव्यातही तशीच आहे, तुम्ही परदेशी नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. चोरीच्या केसमध्ये पोलिसांनी चोरी सिद्ध करायची असते, इथे उलटं. त्यात केंद्राने २०२५ च्या मे मध्ये राज्यांना पडताळणीसाठी तीस दिवसांची मुदत ठरवून दिली. तीस दिवसांत तुमच्या आजोबांचा कागद आणा बघू. एक मात्र आहे, घटनेचं कलम २१ नागरिकासाठी नाही, कुठल्याही व्यक्तीसाठी आहे, आणि तो शब्द तिथे मुद्दाम घातलेला आहे.

कागदावरून आठवलं. मी इथला, म्हणजे फ्लॅट घेऊन आलेला इथला नाही, गावातला. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यातल्या एका गावातलं आमचं घर. बाबांचं नाव सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि एका ठिकाणी आडनावाच्या जागी गावाचं नाव. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडको जो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट देते, त्यासाठी ही चार माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला आम्हाला किती अॅफिडेव्हिट लागली, किती वेळा सिडकोच्या सीबीडीतल्या ऑफिसात टोकन घेऊन बसलो, ते आईला विचारा, ती अजून प्लास्टिकच्या पिशवीत ती फाईल गादीखाली ठेवते. आणि आम्ही इथले भूमिपुत्र, आडनाव आगरी, भाषा मराठी, साक्ष द्यायला अख्खं गाव उभं. तरी सात वर्षं. आमची तर नुसती जमीन अडकलेली होती, माणूस नाही.

तोच साडेबारा टक्का, ज्याच्या प्लॉटवर आपल्या सेक्टरमधल्या अर्ध्या बिल्डिंगा उभ्या आहेत, तो काही सिडकोने प्रेमाने दिलेला नाही. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा आमच्या लोकांना पण "असे लोक" म्हणत होते, विकासाच्या आड येणारे, दगड मारणारे. म्हणून तो शब्द ड्राफ्टमध्ये दिसला की माझं डोकं फिरतं, बाकी काही नाही.

आता तुमच्यातले काही म्हणणार की मग काय सगळ्यांना राहू द्यायचं का, बॉर्डर कशाला आहे मग. बरोबर प्रश्न आहे. मी म्हणत नाही राहू द्या. जो खरंच बाहेरून आला, खोटे कागद केले, कोर्टासमोर ते सिद्ध झालं, त्याला परत पाठवा, देशाला तो अधिकार आहे. ड्रग्जच्या केसमध्ये शिक्षा भोगून तळोजा जेलमधून सुटलेला परदेशी माणूस विमानाचं तिकीट होईपर्यंत कुठेतरी ठेवावा लागणार, हेही कळतं. पण मग त्याला चार-सहा आठवडे पुरतील एवढी जागा लागते. मोठी, आणखी मोठी, नवीन विंग, वरचा मजला हे कशाला? एपीएमसीच्या घाऊक बाजारात ज्यांचे गाळे आहेत त्यांना विचारा, कोल्ड स्टोरेज मोठं केलं की माल लवकर निघतो का जास्त दिवस पडून राहतो. खोल्या वाढवल्या की पाठवायची घाई संपते आणि भरायची घाई सुरू होते. माझा विरोध तिथे आहे.

अजून एक. २०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, १०४ भारतीय, हातापायात बेड्या, त्यात तिघं महाराष्ट्रातले. त्या दिवशीचा आपला ग्रुप मी वर स्क्रोल करून परत वाचला. काय संताप! आपल्या पोरांना जनावरासारखं आणलं, काय केलं होतं त्यांनी, पोटासाठीच गेले होते ना. अगदी बरोबर बोलत होतात. जे वाक्य तुम्ही तेव्हा लिहिलंत, पोटासाठीच गेले होते ना, ते आत्ताच्या ड्राफ्टच्या शेजारी ठेवून बघा.

सी विंगमधल्या काकूंची मुलगी न्यू जर्सीत आहे, तिने तिकडचं सांगितलं म्हणून मी वाचायला लागलो. नेवार्क शहरात डिलेनी हॉल नावाची इमारत आहे, जीईओ ग्रुप नावाच्या खासगी कंपनीची, ती २०२५ मध्ये हजार बेडचं इमिग्रेशन डिटेन्शन सेंटर म्हणून सुरू केली. हो, खासगी कंपनी, सरकारशी पंधरा वर्षांचं कंत्राट, बेड भरले की धंदा चालला. तिथल्या महापालिकेने कोर्टात काय मुद्दा घेतला माहितीये? ओसी! म्हणजे इमारत वापरायचा दाखला. इमारतीला धड ओसी नाही आणि इन्स्पेक्शन करू देत नाहीत. मला इतकं घरच्यासारखं वाटलं वाचून. महापौर रास बराका स्वतः ९ मे ला गेटवर गेले तर त्यांनाच अटक केली, पुढे ती केस मागे घ्यावी लागली. जूनमध्ये जेवण आणि गैरसोयींवरून आत गोंधळ झाला आणि चार जण भिंत फोडून पळाले, एवढी ती भिंत कच्ची. तर सांगायचं हे की तिकडचे शेजारीपाजारी गेटवर उभे राहत होते ते, निदान बरेचसे, आतल्या माणसांसाठी उभे होते, वकिलांना आत सोडा, भेटायला आलेल्या बायकापोरांना उन्हात ताटकळत ठेवू नका, यासाठी. तिकडे आत आपलेही असू शकतात, आणि बाहेर उभे राहणारे ते गोरे-काळे शेजारी त्यांना ओळखतसुद्धा नाहीत. आपण मात्र इकडे रेट मोजतोय.

रेटचं बोलायचंच तर, खाडीचा वास, डास, पावसाळ्यात सबवेत तुंबलेलं पाणी आणि पार्किंगवरून होणाऱ्या मारामाऱ्या, यातून आपले रेट पडले नाहीत. काळजी करू नका.

तर फेडरेशनला माझं म्हणणं. दुसरा आणि तिसरा परिच्छेद पूर्ण काढा. त्या जागी विचारा की एका माणसाला जास्तीत जास्त किती दिवस ठेवणार, आणि तो आकडा लेखी मागा. पकडल्यावर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणार की नाही. फुकट वकील कोण देणार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस आठवड्यातून किती वेळा आत जाणार. लहान मुलं आईपासून वेगळी करणार का. दुभाषी असणार का, कारण मराठी हवालदार आणि बंगाली बाई यांच्यात हिंदीत होणाऱ्या जबाबाला काय अर्थ आहे. जमीन सिडकोची असेल तर ती मुळात कुठल्या गावची आणि कुठल्या सार्वजनिक कामासाठी घेतलेली, हेही विचारा, आमच्या लोकांना त्याचं उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आणि हे सगळं जनसुनावणी घेऊन, मराठीत, आठवडाभर आधी नोटीस लावून, भर दुपारी मंगळवारी साडेतीनला नाही. ह्याची उत्तरं मिळेपर्यंत एक वीटसुद्धा वाढवायची नाही, एवढं ठळक करून लिहा.

सेक्रेटरी साहेब, मला माहितीये तुम्ही म्हणाल की असं लिहिलं तर सह्या कमी मिळतील, लोक भीतीवर पटकन सही करतात आणि विचारावर करत नाहीत. मिळतील कमी. ड्राफ्ट चेअरमन काकांच्या मुलाने रात्री बारापर्यंत बसून टाइप केला हेही कळलं, त्याच्यावर माझा राग नाही, फोनवर मराठी टाइप करणं म्हणजे काय ते मी आत्ता भोगतोच आहे. नवीन मजकूर मी शनिवारपर्यंत लिहून आणतो, दोन्ही वकिलांनी फक्त नजरेखालून घालावा, फी मागू नये.

रविवारी साडेदहाला क्लबहाऊसमध्ये भेटू. पंखा दुरुस्त झाला नसेल तर गच्चीवर बसू. त्या टाइल्सवाल्या पोरालाही मी बोलावलंय, बोलेल की नाही माहीत नाही, पण त्याला खालच्या गेटवर अडवून रजिस्टरमध्ये आधार नंबर लिहायला लावू नका, वॉचमनला आधीच सांगून ठेवा.

तुमचाच,
बी विंगमधला, मेंटेनन्स वेळेवर भरणारा एक सभासद
नेरूळ, नवी मुंबई